गोविंदरावांची मोटार

उज्जैनला लोक महाकाळाच्या दर्शनाला जातात. मी गेलो तो माझ्या मेहुण्यांना त्यांची जुनी मोटार विकायला लावण्यासाठी. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय, दर्शन कसं झालं?" दर्शन उत्तम झालं. गर्दी नव्हती, थंडी सोसण्यासारखी होती. पण त्या गावाचं नाव निघालं की माझ्या तोंडाला जी कडू चव येते, ती दर्शनाची नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन उज्जैनला गेली तेव्हा मी शाळेत होतो. तिचं सासर म्हणजे पेशवाईच्या काळात माळव्यात जाऊन राहिलेलं घराणं. पिढ्यान् पिढ्या ग्वाल्हेर दरबारच्या एका सरदाराच्या पदरी नोकरी. अक्काचे यजमान गोविंदराव त्या सरदारांच्या मोटारखान्याचे दारोगा होते. गाड्या, ड्रायव्हर, पेट्रोल, टायर, सगळं त्यांच्या हुकमतीखाली. मग स्वातंत्र्य आलं, संस्थान मध्यभारतात विलीन झालं, पाठोपाठ जहागिऱ्या गेल्या आणि मोटारखान्याचा लिलाव झाला. गोविंदरावांना मध्यभारत सरकारच्या एका कचेरीत कारकुनी मिळाली. आता राज्यपुनर्रचनेत मध्यभारतही गेला. कचेरी भोपाळला हलली. गोविंदरावांचीही बदली झाली, आणि त्यांनी सरळ राजीनामा दिला. लिलावात कोणीच बोली न लावलेली एक मोडकी मोटार त्यांनी अक्काच्या पाटल्या मोडून घेतली होती. तिला टाकून ते भोपाळला जायला तयार नव्हते.

अक्काने लिहिलं, "तू मोटारींच्या दुकानात आहेस. तुझं ऐकतील. ये, आणि ती गाडी विकायला लाव."

मी पुण्यात नव्या मोटारी विकतो. आता त्या आपल्या देशातच जोडल्या जातात, आणि नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहतात. वाट पाहून कंटाळलेला माणूस हळूच विचारतो, "एखादी जुनी चांगली घेतली तर?" त्यावर माझं उत्तर तोंडपाठ आहे. जुनी गाडी घेणं म्हणजे पाहुणा म्हणून आजारी माणूस घरी आणणं. सुटे भाग मिळत नाहीत, मिस्त्री घरचाच होऊन बसतो, आणि गावाला निघालात की गाडी अर्ध्या वाटेत बसकण मारते. हे सगळं गोविंदरावांना ऐकवायचं ठरवूनच मी त्या मार्गशीर्षात निघालो.

फ्रीगंज

प्रवासात सांगण्यासारखं एवढंच घडलं की नागद्याला गाडी बदलताना माझी वळकटी हमालाने दुसऱ्याच डब्यात चढवली. ती दिल्लीच्या दिशेने गेली आणि मी उज्जैनला उतरलो तो अंगावरचा कोट आणि हातातली पिशवी एवढ्यानिशी. स्टेशनवर गोविंदराव आले होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, मिशा टोकदार. मी वाकलो तर त्यांनी मला अर्ध्यातच धरलं. "वसंतराव, वळकटीची चिंता नका करू. आमच्या घरी रजया खूप आहेत."

घर फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत. अक्का दारातच उभी होती. केस बरेच पांढरे झाले होते. मला पाहून डोळ्यांना पदर लावला आणि लगेच म्हणाली, "अरे, बैस तर खरा. चाय पिशील ना? सामान वरच्या खोलीत ठेव. वरची खोली खाली आहे."

मी जिन्यातच थबकलो. वरची खोली खाली कशी असेल? मग उमगलं की खाली म्हणजे रिकामी. अक्काची मराठी इतक्या वर्षांत अशी झाली होती. 'फिकर नको करू,' 'जल्दी ये,' 'हे मानतच नाहीत.' मला हसू आलं. ती रागावली नाही. "हस हस. इथे मराठी घरांतली पोरं तर आपसांत हिंदीतच भांडतात. आम्ही मराठी बोलतो हेच खूप समज."

सकाळचा नाश्ता पोहे आणि जिलबी. एकाच ताटलीत, एकाच वेळी. पोह्यांवर बारीक शेव, बडीशेपेचा वास, आणि शेजारी पाकात थबथबलेली जिलबी. पुण्यात कोणी असं वाढलं तर घरात आजारपण आहे की काय म्हणून विचारतील. मी दोन घास घेतले आणि पुढचे सगळे दिवस दुसरं काही मागितलं नाही. दुपारी दाल-बाफले. कणकेचे गोळे आधी उकडून मग भाजलेले, तुपात बुडवलेले. ते खाल्ल्यावर माणसाने वाद घालू नये, घालता येतही नाही. माझं मुख्य काम मी दुसऱ्या दिवसावर ढकललं.

संध्याकाळी गोविंदरावांबरोबर टावर चौकात गेलो. घड्याळाच्या मनोऱ्याखाली गराडू तळत होते. कंद तळून त्यावर मसाला आणि लिंबू. पानाच्या दुकानापाशी त्यांचे जुने सहकारी भेटले. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: कोणाची बदली भोपाळला, कोणाची जबलपूरला, कोण फाजील ठरून घरी बसला. माझ्याकडे वळून एक जण म्हणाला, "आपके उधर तर राज्यासाठी लोक गोळ्या खाऊन राहिले. आमचं तर होतं ते गेलं, आणि कोणी ढोल नाही वाजवला, कोणी रडलंही नाही." पुण्यात आम्ही संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जात होतो, घोषणा देत होतो. या नकाशात उज्जैनच्या मराठी माणसांचं काय, हा प्रश्न माझ्या तरी मनात कधी आला नव्हता.

गाडी

गाडी सरदारांच्या जुन्या हवेलीच्या आवारात, पत्र्याच्या एका शेडमध्ये होती. सरदार वारले होते. त्यांचा मुलगा, ज्याला सगळे छोटे सरकार म्हणतात, बहुतेक वेळ इंदूरला असायचा. शेड वापरायला त्याने हरकत घेतली नव्हती.

गोविंदरावांनी वरची चादर ओढली, आणि मी जे तोंडपाठ करून आलो होतो ते विसरलो.

लांबलचक, विलायती, कापडी छपराची टूरर. गडद हिरवा रंग, त्यावर बारीक सोनेरी रेघ. मागची बैठक एवढी रुंद की तिथे माणसाने मांडी घालून जेवावं. लिलावाच्या वेळी ही विटांवर उभी होती, इंजिन गंजून धरलं होतं, बैठकीत उंदरांनी घर केलं होतं. गोविंदरावांनी आणि मोटारखान्यातल्या रशीद मिस्त्रींनी मिळून तिला उभी केली. पिस्टनच्या कड्या इंदुरात लेथवर कातून घेतल्या. टायर लढाईनंतर लष्कराने विकायला काढलेल्या मालातले. छप्पर तंबू शिवणाऱ्याकडून शिवून घेतलं. लाकडी भाग जुन्या शिसवी पलंगाचे.

"कोणाचा पलंग?" मी विचारलं.

"आमचाच," गोविंदराव म्हणाले. "जमिनीवर झोपलेलं पाठीला चांगलं."

मी काम म्हणून तिला खालून-वरून पाहिली. दोष काढायचेच ठरवून पाहिली. पत्रा ठोकला की आमच्या नव्या गाड्यांचा डब्यासारखा आवाज येतो, हिचा येत नव्हता. इंजिन एका हिसक्यात सुरू झालं आणि शेडमध्ये एखादं मोठं जनावर शांतपणे श्वास घेतंय असं वाटलं. गोविंदरावांनी मला चाक दिलं. आम्ही देवास रोडने गेलो, परत आलो. मी दोनदा मुद्दाम जोराने ब्रेक लावून पाहिला. गाडी रेघेत उभी राहिली.

"विकायची नाही, वसंतराव," ते वाटेत म्हणाले. "तुम्ही कशाला आला आहात ते मला ठाऊक आहे. पण ऐका. सिंहस्थ तोंडावर आला आहे. देशभरातून लोक येतील. टांगेवाले किती पुरणार? स्टेशनवरून रामघाट, महाकाळ, मंगळनाथ, भैरवगढ. एका खेपेला आख्खं कुटुंब बसतं. लग्नसराईत नवरदेव बसवीन. परवान्यासाठी अर्ज दिला आहे. नवी गाडी मला या जन्मात मिळणार आहे का? आणि मिळाली तरी तिच्यात चार माणसं, तीही गुडघे छातीशी घेऊन."

"सुटे भाग?"

"रशीद घडवतो. आणि नाही घडवता आला तर गाडी त्या दिवशी उभी. माणूस नाही का आजारी पडत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला रामघाटावर नेलं. अक्का मागे बसली, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. गाडी पाहायला घाटावरचे पंडे, भिकारी, नारळवाले सगळे गोळा झाले. एका म्हाताऱ्या यात्रेकरूने तर गाडीच्या पायरीला हात लावून नमस्कार केला. मी क्षिप्रेत उतरताना शेवाळावरून घसरलो आणि कमरेपर्यंत भिजलो. आमच्याकडे नाशिकला भटजी निदान नाव-गोत्र विचारून मग दक्षिणेचं काढतात. इथल्या पंड्याने मला पाण्यातून वर ओढता ओढताच संकल्प सोडायला सुरुवात केली. अक्का खूप दिवसांनी हसली असावी, कारण हसताना ती स्वतःच दचकली.

त्या रात्री जेवताना मी माझं मत सांगितलं. गाडी चांगली आहे, काम पक्कं झालं आहे, सिंहस्थापर्यंत ठेवायला हरकत नाही.

अक्काने वाढायचं थांबवलं. "तुला मी याच्यासाठी बोलावलं?"

"अक्का, अगं, गाडी खरंच..."

"गाडी चांगली आहे हे मला माहीत नाही का? माझ्या पाटल्या आहेत त्या. माझा पलंग आहे तो. भोपाळचा पगार गेला, तो पण तिच्यातच गेला समज. मी गाडीला बुरं म्हणतच नाही रे. मी म्हणते, ती गाडी त्या हवेलीच्या आवारात आहे. तिथून बाहेर काढा. विका, नाहीतर दारात आणून उभी करा. हे ऐकत नाहीत."

गोविंदराव म्हणाले, "गल्लीत मावत नाही."

"गल्लीत मावत नाही," अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तिथून हलवली तर सरकारांना काय वाटेल, ते पण आहे. ते नाही सांगणार तुला."

मी ते बोलणं बायकी शंका म्हणून सोडून दिलं. आज मला त्याची लाज वाटते.

मिरवणूक

छोट्या सरकारांचं लग्न ठरलेलं होतंच. मुलगी ग्वाल्हेरच्या बाजूची. मी आलो त्या आठवड्यातच मुहूर्त होता. हवेलीतला माणूस निरोप घेऊन आला: सरकार म्हणतात, मिरवणुकीला टूरर आणा.

विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. भाड्याचा विषय नव्हता. गोविंदरावांच्या चेहऱ्यावर मात्र मी जे पाहिलं ते भाडं मिळाल्याच्या आनंदापेक्षा मोठं होतं. त्यांनी ट्रंकेतून दरबारी अंगरखा काढला, पगडी काढली. रशीद मिस्त्रींनी आदल्या दिवशी आणि त्या दिवशी पहाटे गाडी पुसली. ते मला म्हणाले, "साहब, आज तो दारोगा साहब की भी शादी है." मिस्त्री हसले, पण गाडीच्या चाव्या हातात देताना गोविंदरावांना म्हणाले, "चाक किसी को मत देना."

मिरवणूक दिवसाढवळ्या निघाली. बँड, घोडे, पुढे मशालींऐवजी गॅसबत्त्या नुसत्याच मिरवायला, आणि मधोमध हिरवी टूरर. चौकाचौकांत लोक म्हणत होते, "अरे, वही सरकार की गाड़ी!" बायका गच्चीवरून फुलं टाकत होत्या. जहागिरी जाऊन इतकी वर्षं झाली होती. तो मुलगा इंदुरात सिनेमाच्या थिएटरात भागीदार होता आणि रस्त्याने पायी गेला असता तर कोणी मान वळवली नसती. पण त्या गाडीत बसला आणि पुन्हा सरकार झाला. लोकांनी हात जोडले. म्हाताऱ्या नोकरांनी मुजरे केले. आणि पुढे, चाकावर बसलेले माझे मेहुणे ताठ मानेने समोर बघत होते, पण त्यांची पाठ मागे बसलेल्या माणसाच्या सोयीने वाकलेली होती. मी जुनी गाडी दुरुस्त करण्याबद्दल खूप बोललो आहे, गिऱ्हाइकांना हिशोब करून दाखवले आहेत. पण तिच्याबरोबर तिचे जुने मालकही दुरुस्त होऊन उठून बसतात, हे माझ्या कोणत्याच हिशोबात नव्हतं.

मिरवणूक नीट पार पडली. अक्काने त्या रात्री देवापाशी साखर ठेवली.

भैरवगढ

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी अक्काला घेऊन भैरवगढला गेलो. टांग्याने गेलो, कारण नवं जोडपं तिथल्याच कालभैरवाच्या दर्शनाला जाणार होतं आणि गाडी त्यांच्याकडे होती. भैरवगढला छिपे लोक लाकडी ठशांनी कापड छापतात. माझी वळकटी गेली होती, तेव्हा एक छापील पलंगपोस घ्यावा असा विचार होता. दारादारांत ठशांचा ठक ठक आवाज, हवेत रंगाचा आंबूस वास. नदीच्या उतारावर लाल-काळी कापडं वाळत पसरलेली. खाली बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून रंगवलेलं कापड दगडांवर आपटत होत्या. अक्काला एक फुलाफुलांचा पलंगपोस आवडला. ती घासाघीस करत होती. मी दारात उभा होतो.

तेव्हा मला इंजिनाचा आवाज आला. ओळखीचा, पण चढलेला, किंचाळणारा. असा आवाज गोविंदरावांनी त्या गाडीतून कधी काढला नव्हता.

वळणावरून टूरर आली. चाकावर छोटे सरकार. शेजारी एक मित्र, मागे तीन-चार जण, दोघे पायरीवर उभे. नवरी नव्हती. गोविंदराव मागच्या बैठकीच्या कडेला, एक हात पुढे करून काहीतरी सांगत होते. समोरून ओल्या कापडाच्या गाठोड्यांनी भरलेली बैलगाडी वर येत होती. छोट्या सरकारांनी हॉर्न वाजवला. बैल हॉर्नला भीत नाहीत. मग त्यांनी चाक नदीकडे फिरवलं.

गाडी वाळत घातलेल्या कापडांवरून गेली, कापडं चाकांना गुंडाळत गेली, आणि उतारावरून सरळ खाली, धुण्याच्या दगडांवर. बायका किंचाळत पाण्यात पळाल्या. जो आवाज झाला तो मोठा नव्हता. लाकूड मोडल्यासारखा, मग लोखंड वाकल्यासारखा, मग नुसती वाफ.

कोणी मेलं नाही. पायरीवरचे दोघे आधीच उड्या टाकून बाजूला झाले होते. छोट्या सरकारांना खरचटलंही नाही. गोविंदरावांचं कपाळ फुटलं होतं, रक्त मिशीपर्यंत आलं होतं. मी खाली धावलो. पुढचा आख मोडला होता, चौकट वाकली होती, रेडिएटर दगडावर उघडा पडला होता. मी या धंद्यातला आहे. ती गाडी पुन्हा उभी राहणार नव्हती, हे मला पहिल्या नजरेत कळलं.

छोटे सरकार उतरले, अंगरख्यावरची धूळ झटकली. मित्रांसमोर त्यांना काहीतरी बोलणं भाग होतं.

"गोविंद," ते म्हणाले, "ब्रेक नीट लावून घेतले नव्हतेस?"

गोविंदराव त्यांच्या वडिलांच्या वयाचे. ते रुमाल कपाळाला लावून उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलंच, सरकार."

मला राहवलं नाही. "ब्रेक उत्तम होते. मी स्वतः लावून पाहिले आहेत. तुम्ही पाय ठेवलाच नाहीत."

"हे कोण?"

"माझे मेहुणे आहेत, सरकार," गोविंदराव घाईने म्हणाले. "पुण्याचे. नवीन आहेत. त्यांचं मनावर नका घेऊ." आणि माझ्याकडे वळून, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, दाबलेल्या आवाजात माझ्यावर ओरडले, "गप्प बसा, वसंतराव! आपल्यामुळे सरकारांना त्रास झाला आहे."

"आपल्यामुळे?"

"गाडी आपली आहे ना!"

इतक्या वर्षांत ती गाडी त्यांनी आपली म्हटली ती तेव्हा. दोष घ्यायची वेळ आली तेव्हा.

छोटे सरकार मागून आलेल्या एका मित्राच्या जीपने गेले. मागे छिप्यांनी गोविंदरावांना घेरलं. "हमारा माल कौन भरेगा?" त्यांचंही खरं होतं. अक्का वरून सावकाश उतरून आली. तिच्या हातात नुकताच घेतलेला पलंगपोस होता. तिने तो फाडून गोविंदरावांच्या डोक्याला पट्टी बांधली. गाडीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

हवेली

दुसऱ्या दिवशी अक्का हवेलीवर गेली. मला म्हणाली, "तू चल, पण बोलू नको." गोविंदरावांना तिने सांगितलं नाही.

छोटे सरकार दिवाणखान्यात चहा घेत होते. उठून उभे राहिले, "या काकी, बसा," म्हणाले. वागायला वाईट नव्हते, हेच जास्त वाईट होतं.

अक्का बसली नाही. "सरकार, त्या गाडीवर आमचं घर चालणार होतं. यांनी नोकरी सोडली तिच्यासाठी. तुम्ही मोडली. तुम्ही दुरुस्त करून द्या."

"काकी, ती दुरुस्त होण्यातली नाही. या साहेबांना विचारा." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "खरं की नाही?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खोटं काय बोलणार होतो?

"जुन्या गाड्यांचा हाच धोका," ते पुढे म्हणाले. "मी गोविंदला कधी सांगितलं होतं की उभी कर? भंगारच होती ती. माझ्या जिवावर बेतलं असतं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. मी आता नवी घेतो आहे, इंदूरहून. ओळखीने लगेच मिळते." मग आवाज मऊ करून, "आणि गोविंदची फिकर करू नका. नव्या गाडीवर तोच ड्रायव्हर. दुसऱ्या कोणाच्या हाती मी गाडी देणार नाही."

"ते दारोगा होते," अक्का म्हणाली. "त्यांच्या हाताखाली ड्रायव्हर होते."

"हो काकी. तेव्हा गाड्याही तेवढ्या होत्या."

अक्का परत फिरली. फ्रीगंजच्या पुलावर थांबली आणि म्हणाली, "हे हो म्हणतील. बघ तू."

घरी आलो तर हवेलीचा निरोप आमच्या आधीच पोचला होता. गोविंदराव डोक्याला छापील पट्टी बांधून ओसरीत बसले होते. चेहरा उजळलेला. "ऐकलंत का," ते अक्काला म्हणाले, "सरकारांनी आठवण ठेवली."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? उद्यापासून या म्हणाले."

अक्का आत गेली आणि तिने चूल पेटवली. मी गोविंदरावांशी भांडलो. म्हटलं, पुण्याला चला, माझ्या दुकानात काम बघतो, वर्कशॉपवर देखरेखीला अनुभवी माणूस हवाच असतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वसंतराव, तुमच्याकडे मला कोण ओळखतं?" ते म्हणाले. "इथे मी रस्त्याने गेलो तर लोक म्हणतात, हे सरकारांचे दारोगा. भोपाळला गेलो असतो तर नुसता एक म्हातारा कारकून. पुण्यात नुसता तुमचा मेहुणा."

"आणि आता? ड्रायव्हर."

"सरकारांचा," ते म्हणाले.

मला राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

गाडीचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. रशीद मिस्त्रींनी बैल लावून ती नदीतून ओढून काढली. इंजिन शाबूत होतं. ते देवास रोडवरच्या एका शेतकऱ्याने विहिरीवर पंपाला जोडायला नेलं. पत्रा भंगारवाल्याने नेला. जे आलं त्यातलं बरंचसं छिप्यांच्या कापडाच्या भरपाईत गेलं. पाटल्यांचा विषय घरात कोणी काढला नाही.

स्टेशन

निघायच्या दिवशी अक्काने बरोबर शेव, बाफले आणि एक रजई बांधून दिली. गोविंदराव पहाटेच कामावर गेले होते. इंदूरहून नवी गाडी आली होती, फिकट करड्या रंगाची, चकचकीत, आमच्या दुकानात रांगेने उभ्या असतात तशीच. मी ती त्या दिवसापर्यंत पाहिली नव्हती. आम्ही दोघं टांग्याने निघालो.

स्टेशनच्या दारात ती नवी गाडी उभी होती. सरकारांच्या सासरचे पाहुणे मी जाणार त्याच आगगाडीने यायचे होते. गोविंदराव गाडीजवळ उभे होते, खाकी कोट, नवी टोपी, टोपीवर पितळी बिल्ला. कपाळावरची जखम सुकत आली होती. एका हाताने दार धरून ते फलाटाच्या दिशेने बघत होते. आमच्यात फार तर पंधरा पावलांचं अंतर असेल.

त्यांनी आम्हाला पाहिलं. पाहिलं, याबद्दल मला शंका नाही. मग नजर पुन्हा फलाटाकडे नेली.

मी टांग्यातून उतरून त्यांच्याकडे निघालो. निरोप न घेता कसं जायचं? अक्काने माझ्या कोटाची बाही धरली.

"हाक नको मारू," ती म्हणाली. "ड्यूटीवर आहेत."

तिने माझी पिशवी स्वतःच उचलली आणि दुसऱ्या दाराने, लांबच्या वाटेने, मला फलाटावर घेऊन गेली.